डाव्या हाताची सही

क्रेडिट कार्डाच्या ऑफिसात रांगेतल्या सुताराचे कान पुढच्या आजी आणि काउंटरवरच्या कारकुनाच्या बोलण्याकडेच लागले होते.

“आजी, कार्ड जुनं असलं तरी ओळख पुन्हा पटवावी लागते. तुमची सही जुळत नाही.”

“जुळेल कशी? ती उजव्या हाताची. तो हात अर्धांगानं गेला. आता डाव्यानं करते.”

“मुलाला बोलवा ना, साक्षीदार म्हणून त्याची सही चालेल.”

“त्याला मुद्दाम बाहेर बसवलंय. तो वेडा मला घासही भरवायला बघतो!”

“मग अंगठा द्या.”

“अंगठा? वर्षभर पुन्हा अ-आ-इ-ई गिरवलं, ते काय अंगठा उठवायला?”

“बरं बरं. इथे नवी सही करा.”

पेन टेकताच कागद सरकू लागला. सुतारानं पुढे होऊन तो दाबून धरला.

“हात काढा, दादा. नाहीतर सही दोघांची व्हायची.”