उणे अठरा

सगळ्यात आधी आल्या त्या जिल्ह्याच्या बाई, आणि त्याही पातळ बुटांत. त्यांच्याबरोबरचे साहेब मागून आले, कारण गाडी ओढ्याच्या चिखलात रुतली होती. मी इथूनच सुरुवात करणार होते, पण पोलीस ठाण्याचे मिर्लान साहेब म्हणतात, आधी नाव लिहावे लागते. त्यांना माझे नाव माहीत नाही असे नाही. शाळेत असताना त्यांच्या बुटांचा चिखल मीच पुसलेला आहे. तरी लिहा.

नाव अनारकान जूमाबेकोवा, वय चौऱ्याहत्तर. काम शाळेत झाडलोट करणे, शेगडी पेटवणे, घंटा देणे. राहणार ताश-केचू, पुलाच्या वरच्या अंगाला. शिक्षण चौथीपर्यंत, पुढे मेंढरांमागे गेले. आकडे वाचता येतात. सगळे गाव मला आपा म्हणते.

मी कोणी न बोलावता ठाण्यात येऊन सांगते की, मागच्या आठवड्यात मी दिलेला जबाब खरा आहे, पण अर्धा आहे. त्यात मी लिहून दिले होते की, शाळेच्या चोलपोनाय बाईंनी मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर सोडले नाही, म्हणून माझ्या नातवाने, तालायने, वर्गाच्या खिडकीतून उडी मारली आणि त्याचा पाय मोडला. नव्या कायद्याप्रमाणे मुलांना रोज मैदानात खेळायला सोडावेच लागते, शिक्षा म्हणूनसुद्धा कोणाला आत बसवून ठेवता येत नाही. बाईंनी कायदा मोडला, असे मी तेव्हा ओरडून सांगितले होते. किती ओरडून, ते मिर्लान साहेबांना ठाऊक आहे.

तालाय हा माझ्या मुलाचा पहिला मुलगा. आमच्यात पहिला नातू आजी-आजोबांच्या पदरात घालायचा असतो, तसा तो मला मिळाला. त्याचे आईबाप रशियात कामाला आहेत. तो मलाच आई समजतो आणि सख्ख्या आईला फोनवर नावाने हाक मारतो. घोड्यावर खोगिराशिवाय बसतो. मेंढीच्या घोट्याच्या हाडांचा डाव मांडला की मोठ्या पोरांची हाडे जिंकून खिसे फुगवून घरी येतो. हसला की गालाला एकाच बाजूला खळी पडते. मिर्लान साहेब म्हणाले, “आपा, खळी नाही लिहिता येत जबाबात.” मी म्हटले, “पाय लिहिता येतो, मग खळीला काय झालं?”

कायद्यात एक सूट आहे. थंडी उणे पंधराच्या खाली गेली तर मुलांना बाहेर काढायचे नाही. थर्मामीटर कोळशाच्या कोठीच्या भिंतीवर, मागच्या बाजूला आहे. तिकडे माझ्याशिवाय कोणी जात नाही. बाई रोज दारातून विचारायच्या, “आपा, आज किती?” मी जाऊन बघून सांगायची. बाई लिहून घ्यायच्या.

पहिला बर्फ पडला तेव्हा छताचे बर्फाचे सुळे पाडताना झाडूचा दांडा लागून थर्मामीटरची काच फुटली. लाकडी पट्टी तशीच राहिली, म्हणून लांबून काही कळत नव्हते. उद्या सांगू म्हणून राहून गेले. सुरुवातीला मी गुडघ्यांवरून आकडा सांगायची आणि तो बहुतेक बरोबर असायचा, कारण माझे गुडघे जुने आहेत.

नंतर तालायला खोकला झाला. मी छातीला मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली, गरम दूध दिले, तरी रात्री ढास लागायची. सून फोनवर विचारायची, “आपा, अजून खोकतोय का?” मूल तिने दिलेले, काही झाले तर तोंड मला दाखवायचे. त्या दिवशी मी कोठीमागे गेले, थोडी उभी राहिले आणि येऊन सांगितले, उणे अठरा. बाई म्हणाल्या, “बरं आपा.”

खोकला गेला. उणे अठरा राहिले. बाकीच्यांची मुलेही त्याच्याबरोबर आत राहिली, आणि ती खोकत नव्हती.

तालाय पडला त्या दिवशी ऊन होते. मी शाल काढून खुंटीला टांगली होती. बाई म्हणाल्या, “आपा, छत गळतंय की.” मी म्हटले, “उन्हाला आहे ते गळतंय. सावलीत जाऊन उभ्या राहा, मग कळेल.” बाई हसल्या. म्हणाल्या, “फोनमध्ये उणे चार दाखवतंय. पण फोन खालच्या गावचा, तुम्ही इथल्या.” आणि आत गेल्या.

खिडकीखाली बर्फाचा ढीग आहे. तो मी हिवाळाभर झाडून झाडून केलेला. कडक थंडीत तो भरीव असतो, पोरे रविवारी कोठीच्या छपरावरून त्यावर उड्या मारतात. ऊन लागले की वरून तसाच दिसतो आणि आतून पोकळ होतो. खाली दगडी पायऱ्या आहेत. उडी त्याने लांब मारली, सगळी पोरे सांगतात एवढी लांब कोणी मारली नव्हती.

परवा जिल्ह्याची माणसे आली ती चौकशीला. मी चहा केला, कणकेचे बोरसोक तळले. आमच्या बाईंनी सांगितले, त्या दिवशी उणे अठरा होते. जिल्ह्याच्या बाई म्हणाल्या, “कुठे? आमच्याकडे तर गाई उन्हात बसल्या होत्या.” साहेब कोठीमागे गेले आणि पट्टी काढून घेऊन आले. “हे कोण बघतं?” त्यांनी विचारले. चोलपोनाय बाईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात किटली होती. बाई म्हणाल्या, “बघायचं काम माझंच.”

मी चहा ओतला. साहेबांना विचारले, अजून देऊ का.

जाताना साहेब म्हणाले की बाईंना शाळेतून काढण्याचा कागद घेऊन ते परत येतील. बाई आमच्याच गावच्या आहेत. त्यांना दुसरी शाळा नाही आणि शाळेला दुसऱ्या बाई मिळायच्या नाहीत.

काल मी दवाखान्यात गेले. प्लास्टरवर पोरांनी घोडे काढले आहेत. तालायने शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची हाडे जिंकून घेतली आहेत, म्हातारा म्हणतो, “तुझा नातू दरोडेखोर आहे.” मला बरे वाटले. मग तालाय म्हणाला, “आपा, तू म्हणालीस उणे अठरा. म्हणून मी मारली उडी. उणे अठराला ढीग पोकळ होत नाही.”

मी म्हटले, “खा.” त्याने खाल्ले. मग विचारले, “बाई का नाही आल्या मला बघायला?”

तरी मी सांगते की, चोलपोनाय बाईंनी कायदा मोडला नाही. आकडा माझा होता. मागच्या जबाबातला माझा आरडाओरडा खोडावा आणि त्या जागी हे लिहावे.

मिर्लान साहेबांनी हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. खळी त्यांनी राहू दिली आहे. मी बोलले तेच कागदावर आहे, आणि खाली सही माझ्या हातची आहे.

जिल्ह्याची माणसे शुक्रवारी परत येणार आहेत. जिल्ह्याच्या बाई जाताना म्हणाल्या होत्या, पुढच्या वेळी जाड बूट घालून येते. त्यांना निरोप द्यावा की पातळ चालतील, थंडी नाही.