कडी कुठून?

दवाखान्याच्या बाकावर आक्काचा धाकटा भाऊ शेजारी बसलेला असताना फॉर्म घेऊन आलेला तो पोरगा सगळं तिलाच विचारत होता. आक्काचं डोकं तापलं.

“मनोरुग्णांसाठी निवास काढतोय आजी, नफ्यासाठी नाही. त्याचीच पाहणी आहे. हे नीट झोपतात का?”

“तोंड आहे त्याला. विचार.”

“फॉर्म नातेवाइकांचा आहे. खोलीला कडी बाहेरून चालेल?”

“आक्का, मला आतून हवी,” भाऊ म्हणाला.

“लिही!”

“राहणाऱ्यांसाठी रकानाच नाही, आजी.”

“माझ्यामागे तिथं राहायचंय ते त्याला, आणि रकाना माझा? अरे शहाण्या, राहणाऱ्याला न विचारता बांधतोस तो कोंडवाडा. माझा भाऊ तिथं पाऊल टाकणार नाही!”