लेकीच्या विरुद्ध लावलेली पैज

मागची मंडळी, जरा पुढं सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनी झोपायला हरकत नाही, पण घोरू नका. आमचा मृदंगवाला गडबडतो. हां. आता ऐका.

आज एक प्रश्न घेऊन आलोय. पैज लावणारा माणूस हरला, तर त्याचं काय जातं? तुम्ही म्हणाल, पैसे जातात. बरोबर. पण जिंकला तर? किंवा नुसती पैज लावून बसलाय, निकाल अजून लागायचाय — तेव्हा त्याचं काही जातं की नाही? लगेच उत्तर देऊ नका. आधी एका बापाची गोष्ट ऐका.

कृष्णाकाठी एका गावात निवृत्ती मगदूम म्हणून पिठाच्या गिरणीचा मालक होता. सरळ माणूस. बायको सुमन, आणि एकच लेक, रेणुका. पोरीला कबड्डीचं वेड, आणि बापाला पोरीचं. गिरणीसमोर मोकळी जागा होती. निवृत्ती रोज संध्याकाळी गिरणीतलं झाडून काढलेलं पीठ घ्यायचा आणि तिथं कबड्डीचं मैदान आखायचा. पोरगी चढाईला आली की हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पकड करायला उभा. मंडळी, चाळिशी उलटलेला माणूस पोरीचा पाय धरून धुळीत लोळतोय, आणि दळण घेऊन आलेल्या बायका डबे धरून खोळंबल्यात. बायका रागवायच्या का? छे. त्याच ओरडायच्या, "रेणे, सोडू नगंस आप्पाला."

अशी ती पोरगी मोठी झाली. जिल्ह्यात खेळली, राज्यात खेळली, आणि देशभरातल्या मुलींची जी मोठी स्पर्धा टीव्हीवर दाखवतात, तिच्यातल्या एका संघात निवडली गेली.

आता दुसरी बाजू. गावात केशकर्तनालय होतं, बाळू साळुंख्यांचं. तिथं टीव्ही. क्रिकेटचा वर्ल्डकप आला की अर्धं गाव तिथं. आधी पैज कसली? हरेल त्यानं मिसळ द्यायची. त्यात कुणाचं काय बिघडतंय? मग कुणीतरी मोबाईलवर दाखवलं, अंगठा दाबला की पैज लागते. कोण जिंकणार यावर लावा, पुढच्या चेंडूवर चौकार जाणार का यावर लावा. निवृत्तीनंही लावली. पहिल्यांदा जिंकला. मंडळी, पहिल्यांदा हरला असता तर बरं झालं असतं. मग वर्ल्डकप संपला, फुटबॉल आला. निवृत्तीनं जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता, आणि हा कुठल्या तरी लांबच्या देशाच्या संघासाठी श्वास रोखून बसायचा. हसताय? तुमच्यातल्या किती जणांच्या खिशात तो मोबाईल आहे, मी विचारत नाही. देवळात आहोत, खोटं बोलायची पाळी यायला नको.

तर रेणुकाचा संघ फायनलला गेला. सामन्याच्या दिवशी सकाळी पुण्याहून तिचा फोन आला.

"आप्पा, गुडघा लई दुखतोय. पट्टी बांधलीय, कोचना ठाऊक आहे. बाकी कुणाला सांगितलं न्हाई. आईला बोलू नका, ती जिवाला घोर लावून घेईल."

"न्हाई बोलत. जपून खेळ बाळा," निवृत्ती म्हणाला. त्याच्या मनात तेव्हा काही नव्हतं, हे लक्षात ठेवा. फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

दुपारी तो दाढीला म्हणून बाळूकडं गेला. तिथं एकच विषय. सगळे रेणुकाच्या संघावर लावत होते. बाळू म्हणाला, "निवृत्तीआप्पा, आज तुमच्या पोरीमुळं गाव श्रीमंत हुतंय बघा."

गालाला साबण लागलेला, आणि निवृत्तीच्या डोक्यात एक विचार आला. यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

इथं त्याला शिव्या देऊ नका. वाईट विचार कधी वाईट कपडे घालून येत नाही. निवृत्ती मनाशी म्हणाला, पोरगी तशीही हरणार. दुखऱ्या गुडघ्यानं काय खेळेल? मग निदान चार पैसे तरी घरात येऊ देत. तिच्याच गुडघ्याचं ऑपरेशन करू. कुणाचं नुकसान आहे? — पोरीसाठीच करतोय, असं स्वतःला सांगून बापानं अंगठा दाबला. पोरीच्या विरुद्ध.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मोठा पडदा लावला होता. पुढच्या खुर्च्यांवर निवृत्ती आणि सुमन. सामना सुरू झाला. रेणुका चढाईला गेली की गाव उभं राहायचं. पहिला अर्धा वेळ बरोबरीत गेला. मग एका चढाईत समोरच्या पोरींनी तिला घेरलं आणि तिचा नेमका तोच पाय धरला. ती पडली. गुडघा धरून तशीच पडून राहिली.

सुमननं नवऱ्याचा हात घट्ट धरला. "अवं, माझी पोर उठंना," ती म्हणाली.

आणि मंडळी, त्या क्षणी निवृत्तीच्या मनात आलं — सुटलो.

लेक जमिनीवर पडलीय, आणि बापाच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. त्यानं सुमनच्या हातातून हात काढून घेतला. तिनं तो हात धरावा, अशी आपली लायकी नाही, असं त्याला वाटलं.

रेणुका उठली. लंगडत बाहेर जाऊन बसली. तिच्या संघानं एक गडी बाद केला, तशी ती पुन्हा आत आली. शेवटची चढाई राहिली. संघ एका गुणानं मागं. पट्टी घट्ट करून रेणुकाच पुढं झाली.

गावानं डोळे मिटून हात जोडले. निवृत्तीनंही जोडले. आणि त्याला कळेना, की देवाकडं मागायचं काय? लेक जिंकू दे म्हणावं, तर पैसे जातात. हरू दे म्हणावं, तर ते कुठल्या तोंडानं म्हणावं? बाप हात जोडून बसला होता आणि त्या हातांत काहीच नव्हतं.

रेणुकानं एकीला हात लावला, दुसरीला पाय लावला आणि स्वतःला मध्यरेषेवर झोकून दिलं. जिंकली.

गुलाल उडाला. गावानं निवृत्तीला खांद्यावर घेतलं, गळ्यात हार घातला. जन्मभर ज्याची वाट बघावी असा आनंद दाराशी आला होता, आणि हा माणूस त्याला घरात घेऊ शकत नव्हता. तो रडत होता. लोक म्हणाले, बापाचं काळीज आहे. सुमननं तेवढं ओळखलं, की हे रडणं वेगळं आहे.

दोन दिवसांनी रेणुका घरी आली. आल्या आल्या तिनं पदक काढून आप्पाच्या गळ्यात घालायला हात उचलले. निवृत्ती मागं सरकला.

"थांब. आधी ऐक," म्हणाला, आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

पोरीनं पदक मुठीत आवळलं. मग तिनं विचारलं, "मी पडले तवा तुमाला काय वाटलं, आप्पा?"

तो खोटं बोलू शकला असता. कोण बघायला आलं होतं त्याच्या मनात? पण तो म्हणाला, "मला बरं वाटलं, बाळा."

रेणुका म्हणाली, "पैशाचं मला काय न्हाई. पण तिथं हजार माणसं ओरडत असली, तरी मला वाटायचं, एक माणूस काय बी झालं तरी माझ्या बाजूला आहे." एवढं बोलून ती आत गेली.

बाप-लेक कित्येक दिवस कामापुरतंच बोलले. सवय सुटली का? लगेच नाही. त्यानं मोबाईल सुमनकडं दिला, साधा बटणांचा फोन घेतला, बाळूकडं जाणं थांबवलं. तरी एकदा दुसऱ्याच्या फोनवरून घसरला. त्या दिवशी त्यानं स्वतःहून घरी येऊन सांगितलं. सुमन ओरडली, रडली, पण ताट वाढलं. रेणुकानं ते ताट त्याच्यापुढं आणून ठेवलं. म्हणाली, "सांगितलंत, हे बरं केलंत."

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी ती पुन्हा मैदानात उतरली तेव्हा निवृत्ती पुण्याला गेला, प्रेक्षकांत बसला, घसा फुटेस्तोवर ओरडला. आणि मंडळी, रेणुकाचा संघ त्या दिवशी सपाटून हरला.

पोरगी मान खाली घालून बाहेर आली, तर बाप फाटकाशी उभा, लहान पोरासारखा रडतोय. ती म्हणाली, "अवं आप्पा, खेळ आहे. हरजीत हुतीच की." तो म्हणाला, "रडू दे गं मला. तुझ्याबरोबर हरलोय मी." तेव्हा रेणुकानं रस्त्यातच त्याचा हात धरला, आणि तो हात त्यानं काढून घेतला नाही.

आता तुमच्याकडं येतो. उद्या मोठा सामना आहे, मांडव निम्मा रिकामा राहणार, मला कळतंय. जा, बघा. खेळ बघण्यात पाप नाही. पण मैदानात कुणाचं तरी पोर पडेल, तेव्हा एक क्षण स्वतःच्या छातीकडं कान द्या. वाईट वाटलं, तर तुम्ही अजून तुमचेच आहात. बरं वाटलं, तर सामना संपायच्या आधीच तुम्ही हरलात. मग पैसे येवोत की जावोत.

आणि घरात असा कुणी सापडला, तर त्याला हाकलू नका. त्याचं ताट वाढा. त्याला खरं बोलायला जागा ठेवा. देवानं तुमच्या-माझ्यासाठी तेवढी जागा ठेवली, म्हणून तर आपण इथं बसलोय. वाजवा टाळ. म्हणा विठ्ठल, विठ्ठल.