पंच म्हणून माझी सही

आंबेनळी घाटात डंपरची धडक बसली आणि माझा धाकटा भाऊ दत्ता गेला. मंगळवार होता.

आम्ही मूळचे तुडीलचे. मी पोलादपूरच्या बाजूला एका शाळेत तीस वर्षं मास्तर होतो, दत्ता जीप चालवायचा. काय सांगू तुम्हाला, हॉर्न दिल्याशिवाय हा माणूस कधी वळण घ्यायचा नाही, मागे बसलेल्या म्हाताऱ्या चिडवायच्या, दत्तू, झाडाला पण हॉर्न देतोस काय रे, आणि तो म्हणायचा, झाड सरकलं तर काय करशील गो आजी.

सुतकातच मी त्या वळणावर गेलो. डंपरच्या टायरचे काळे पट्टे डोंगराच्या कडेला, दत्ताच्या बाजूला होते, म्हणजे डंपर आपली बाजू सोडून दत्ताच्या अंगावर आला होता. पुढे पंचनाम्याची नक्कल मिळाली. त्यात लिहिलेलं, जीप दरीकडे, डंपरच्या बाजूला गेली, जीपचालकाची हयगय. खाली दोन पंचांच्या सह्या. दोघांना शोधून काढलं, एक पानवाला, एक टेम्पोवाला. दोघंही घाटात गेलेच नव्हते, बाजारात उभ्या उभ्या कोऱ्या कागदावर सही केली होती.

मी ठाण्यात गेलो. पंचनामा लिहिणारे हवालदार वीस वर्षांच्या ओळखीचे. विचारलं, टेप लावलात का, मोजलंत का. ते म्हणाले, गुरुजी, सकाळी मंत्र्यांचा बंदोबस्त, दुपारी कोर्ट, घाटात जायला गाडी नाय, डंपरवाल्यानं सांगितलं ते लिवलं, आमच्या साहेबांनी आमाला असंच शिकवलंय. मी ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा, ही पोलिसाची कामाची रीत झाली का. ते शांतपणे म्हणाले, तुमी माझ्यासाठी किती वेळा पंच झालात गुरुजी, आणि जागेवर किती वेळा आलात.

एकदाही नाही. मास्तरची सही कोर्टात टिकते म्हणून ते शाळेत यायचे, मी वर्गाच्या दारात कोऱ्या कागदावर सही करून परत फळ्याकडे वळायचो, आणि मला वाटायचं, आपण पोलिसांना मदत करतोय. मला त्यांचा राग येतो, त्यांच्या साहेबांचा येतो, पण न बघता लिहायची सवय त्या माणसाला लावण्यात मीही होतो, तो राग कुणावर काढू? माझ्या सहीवर कुणाचा भाऊ असाच दोषी ठरला असेल, मला त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही.

फेरतपासाचा अर्ज दिलाय. घाटात आता नवं डांबर पडलंय, पट्टे गेले. कागदावर हयगय दत्ताचीच आहे. मी ठाण्यात सांगून आलो, पंच म्हणून बोलवा, पण जागेवर येईन, मोजलेलं बघेन, वाचून सही करेन. तेव्हापासून मला कुणी बोलावलेलं नाही.