चूर्णाच्या फ्लेक्सवरचे सोवनीकाका

ऑनलाइन फोटो विकायचा जोडधंदा करायचाच असेल ना, तर माझं एक ऐका, शेजाऱ्यांचे फोटो काढू नका. कर्वेनगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सोवनीकाका राहतात, त्यांचा मी काढला. शब्दकोडं अडलं होतं म्हणून कपाळाला आठ्या घालून बसले होते. फोटो झकास आला. त्यांची लेखी परवानगी घेऊन वेबसाइटवर टाकला आणि तो विकलाही गेला.

पुढच्याच महिन्यात चौकात पोट साफ करायच्या चूर्णाचा फ्लेक्स लागला. 'आधी' लिहिलेल्या चौकटीत आमचे काका आणि 'नंतर'च्या चौकटीत दुसराच कोणी हसरा गृहस्थ! सोसायटीत जो भेटेल तो त्यांना विचारायला लागला, "काय काका, आज कसं काय?"

संध्याकाळी काका माझ्या दारात. मी घाईघाईनं म्हणालो, "अहो काका, फोटो कोण घेतं, कशाला वापरतं, ते माझ्या हातात नसतं हो!"

"ते राहू दे. पण मी बरा झालोच नाही का? माझाही 'नंतर'चा फोटो काढ आणि लाव तिथं!"

फ्लेक्स माझा नाही, हे परोपरीनं सांगितलं. ऐकतात कुठे! शेवटी रविवारची अख्खी सकाळ "हसा काका, अजून जरा हसा" म्हणण्यात घालवली. मग सगळे फोटो त्यांच्या घरी काकूंना दाखवले. काकूंनी चष्मा लावून एकेक नीट पाहिला आणि मला म्हणाल्या, "अरे, यातले 'नंतर'चे कोणते?"