रूळ धाकट्याकडे, इंजिन थोरल्याकडे

मंडळी, एक प्रश्न विचारतो. भावाभावांत अबोला पडला, तर आधी कोणी बोलायचं? थोरल्यानं की धाकट्यानं? मागून कोणीतरी म्हणालं — ज्याची चूक असेल त्यानं. बरोबर! पण दोघांचीही चूक नसेल तर? हां, आता गप्प झालात. ऐका तर मग.

राजापुरात देवस्थळ्यांचे दोन मुलगे. थोरला भालचंद्र, धाकटा विश्राम. वडिलांनी दोघांत मिळून एक खेळण्यातली आगगाडी आणली होती. पुढं बसलेल्या बाळांनो, तुमच्या गाड्यांसारखी सेलवर चालणारी नव्हे हो. पत्र्याची — हिरवं इंजिन, तीन डबे, गोल जोडायचे रूळ. इंजिनाच्या कुशीत चावी घालायची, कर्रर्र पिळायची आणि सोडायची. तिकडच्या पोरांनी तेव्हा खरी रेल्वे पाहिलेलीच नव्हती. गणपतीत देवापुढं ही गाडी फिरायची आणि सारी आळी बघायला यायची. भालचंद्राचा तर इंजिनावर एवढा जीव, की रात्री उशाशी घेऊन निजायचा.

पुढं लग्नं झाली, आईवडील गेले, वाटण्या आल्या. आपली रीत ठाऊक आहे ना? थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. शहाणी रीत! पण पंच बसले हट्टाला — सगळं निम्मं-निम्मं झालं पाहिजे. पाटा या वाट्यात, वरवंटा त्या वाट्यात. हसताय? हसा. घरी गेल्यावर खलाचा बत्ता जागेवर आहे का ते बघा. तसंच गाडीचं झालं. भालचंद्रानं एका वाट्यात ठेवलं इंजिन नि डबे, दुसऱ्यात रूळ आणि चावी. विश्राम पुढं झाला — आणि त्यानं रुळांचा वाटा उचलला.

भालचंद्राला वाटलं, 'याला गाडी नको, चावीसाठी मला नाक घासायला लावायचंय.' तिकडं विश्रामचंही तोंड उतरलेलं. का, ते कळेल. बोललं कोणीच नाही. नदीच्या अलीकडं एक घर, पलीकडं दुसरं. पुलावर समोरासमोर आले, की दोघांनाही नेमकं तेव्हाच नदीला पाणी किती आहे ते बघायचं असायचं.

वर्षं गेली. दोघं म्हातारे झाले. एक दिवस पुण्याहून जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ भालचंद्राकडं आले. त्यानं माळ्यावरून इंजिन काढलं, पुसलं, समोर ठेवलं.

"याची काय किंमत येईल हो?"

"चावी कुठाय, काका?"

"नाही."

"रूळ?"

"नाहीत."

"मग ही शोभेची वस्तू झाली. विकून एका वेळचं जेवण निघेल. पूर्ण संच असता, तर तुम्ही म्हणाल ती किंमत दिली असती. बाकीचं कोणाकडं आहे?"

भालचंद्रानं इंजिन उचलून पिशवीत घातलं. मग म्हणाला, "आहे इथंच. विचारून बघतो."

मंडळी, त्याला इंजिन विकायचं होतं का? अहो, त्याला निमित्त हवं होतं! नुसतं भेटायला जायची लाज वाटते माणसाला. व्यवहार घेऊन गेलं, की वाटत नाही.

तो पूल ओलांडून गेला. दारात विश्रामची बायको, वत्सला. भालचंद्राच्या पिशवीतून धुरांडं डोकावत होतं.

"या, भाऊजी. इंजिनाला हवा खायला काढलंत वाटतं?"

विश्राम बाहेर आला. "बस, दादा."

भालचंद्र बसला. "पुण्याचा एकजण आलाय. पूर्ण संचाला किंमत देतो म्हणतो. रूळ नि चावी आहेत का तुझ्याकडं?"

विश्राम आत गेला आणि लगेच घेऊन आला. शोधावं लागलं नाही. चावीला गंज नव्हता, तेलाचा हात फिरलेला होता. भालचंद्रानं ती बोटांत धरली.

"विश्राम, त्या दिवशी चावी का उचललीस?"

"मी चावी उचलली नाही, दादा. मी इंजिन सोडलं. उशाशी घेऊन निजायचास तू. तुझ्यासमोर ते कसं उचलू? पण तू इंजिन नि चावी वेगळी का ठेवलीस? तेच मला लागलं होतं."

भालचंद्र चावीकडं बघत म्हणाला, "मला वाटलं, इंजिन तूच घेणार. चावी राहील माझ्याकडं. म्हटलं, गाडी चालवायची झाली की मागायला येशील. घरं वेगळी झाली, तरी येणंजाणं राहील."

वत्सला म्हणाली, "आणि हे दर गणपतीत चावीला तेल लावून बसतात. म्हणतात, दादा येईल मागायला."

मग दोघं म्हातारे जमिनीवर पालथे पडले. रूळ जोडले, चावी पिळली. गुडघे चावीपेक्षा जास्त कुरकुरले! इंजिन अर्धा फेरा गेलं आणि कलंडलं.

"पहिल्यापासून जास्त पिळतोस तू," विश्राम म्हणाला.

"आणि तू रूळ वाकडे लावतोस."

भांडण सुरू झालं, मंडळी. किती दिवसांनी!

संध्याकाळी ते गृहस्थ विचारत विचारत विश्रामच्या घरी आले. "काका, संच जमला का?"

"जमला. म्हणून आता विकायचा नाही. बसा, चहा घ्या. तुमचे उपकार आहेत."

बाळांनो, समजलं ना? दोघांनीही एकमेकांसाठीच केलं होतं. सांगायचं तेवढं राहिलं. तुम्ही घरी जाल तेव्हा सांगून टाका. मोठ्यांना ते जड जातं.

आता मोठ्यांनो, तुम्ही. आरतीचं तबक तयार आहे. पण कोणाला इथून परस्पर एखाद्या दारी जायचं असेल, तर उठा. आरतीला थांबू नका. तुमच्या वाटची टाळी मी वाजवतो.