दोन टक्क्यांचा जावई

…आणि वर म्हणतो कसा, "दोनच टक्के, भाऊ!" अरे, दोनच आहेत तर तू भर ना! पण बोलायची सोय होती का? समोर कोण बसलेलं? धुळ्याचे लोटनआप्पा, होणारे व्याही! शेजारी त्यांचं पोरगं स्वप्नील, आणि इकडे माझी कामिनी मान खाली घालून पापडाचा चुरा करतेय. बघण्याचा कार्यक्रम! तुम्हाला सांगतो, मुलीच्या बापाला त्या दिवशी तोंड फक्त जेवायला आणि हसायला असतं.

आमच्या सौ., कुंदाबाई, आठ दिवसांपासून सांगत होत्या, "असोद्याला घरीच बोलवा, मी भरीत-पुरी करते." मी म्हटलं, छे! पोरगं बँकेत आहे, जळगावात चांगल्या एसी हॉटेलात न्यायचं! नेलं. हॉटेल तळघरात. गारठा असा, की शेवभाजीवरची तर्री गोठायला लागली, आणि मोबाईलला रेंज नाही! खिशात रोख साडेसहाशे, बिल आलं तीन हजार चारशे. मग काय, काढलं कार्ड. आप्पांना नीट दिसेल असं दिमाखात काढलं. तर तो काउंटरवाला मशीन घेऊन टेबलाशी आला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "कार्डाला दोन टक्के जास्त लागतील. दोनच टक्के, भाऊ!"

अडुसष्ट रुपये! कशाचे? तर कार्ड घासल्याचे! अहो, कार्ड माझं, पैसे माझे, घासलं त्यानं, झिजलं माझं… उलट त्यानंच मला द्यायला नकोत? पण आप्पा बघतायत ना! मी आपला हसून, "घ्या हो, दोन टक्क्यांनी काय होतंय!" कुंदाबाईंनी टेबलाखालून असा चिमटा काढला, की पहिल्यांदा पिन नंबरच चुकला.

बरं, संपलं? कुठलं संपतंय! बडीशेपेची बशी आली. वेटर हात मागे बांधून उभा, छातीवर नावाची पट्टी, पितांबर. मी पन्नासची नोट ठेवली. आप्पा म्हणाले, "पन्नास कशी भाऊ? वर रुपया पाहिजे ना, शुभ काम शे!" टिपेवर रुपया! जसा काही पितांबर नवरदेवाचा मामा आणि आम्ही त्याला आहेर करतोय! कुंदाबाईंनी बटव्यातून रुपया काढला, झाले एक्कावन्न. तर आप्पांनी स्वतःचे एकशे एक ठेवले! आता मुलीचा बाप खाली राहील का? मी केले दोनशे एक. आप्पांनी दोनशे एक्कावन्न. मी पाचशे एक! सुट्या रुपयासाठी अख्खं टेबल पाकिटं उलटी करतंय, आणि पितांबर म्हणतोय, "सावकाश होऊ द्या, घाई नाही." आतून आचारी बघायला आला हो! आणखी दोन मिनिटं बसलो असतो, तर त्या दोघांना टॉवेल-टोपी करावी लागली असती.

मग मी चष्मा लावून बिल वाचलं. कधी? सगळं दिल्यावर! तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात, सर्व्हिस चार्ज, तीनशे नऊ रुपये. म्हणजे टिप आधीच कापलेली! आणि वर पितांबरला आहेर वेगळा! आप्पा मात्र बडीशेप चघळत खूश, "बठ्ठं झकास शे, भाऊ!" आहेच सगळं झकास, आप्पा… माझ्या खात्यातून आहे ना!

जिना चढताना सहज विचारलं, "स्वप्नीलराव, बँकेत नेमकं काय काम असतं?" म्हणाला, "काका, दुकानांत ही कार्डाची मशीनं बसवतो. इथलंही मीच बसवलं." मी पायरीवरच थांबलो. "मग ते दोन टक्के?" "ते दुकानदारानं भरायचे असतात काका. गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नसतात." "अहो, मग बोलला का नाहीत?" पोरानं मान खाली घातली. "मोठ्यांच्या मध्ये कसं बोलायचं?"

झालं! कुंदाबाई विरघळल्या. "बघा, काय संस्कार आहेत!" कामिनी लाजली. जमलं लग्न! आणि खरं सांगू, पोरीला हसताना बघून मीसुद्धा ते अडुसष्ट रुपये विसरलो. म्हणजे… जवळजवळ विसरलो.

परवा मंगल कार्यालयाचा अ‍ॅडव्हान्स भरायचा होता. पन्नास हजार! यावेळी तयारीनं गेलो, जावयालाच सोबत घेतलं. तिथले म्हातारे मॅनेजर मशीन पुढे करून म्हणतात, "कार्डाला दोनच टक्के, भाऊ!" मी वाटच बघत होतो! छाती फुगवून बाजूला झालो. "हे आमचे जावई, मशीनवाल्या बँकेतले. बोला, जावईबापू!"

जावईबापूंनी मॅनेजरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं… आणि मान खाली घातली. "काका, ते वयानं मोठे आहेत."

हजार रुपये हो! मीच भांडलो असतो, पण जावयासमोर सासऱ्यानं हजार रुपयांसाठी भांडायचं, बरं दिसतं का? दिले! जावई हिरा मिळाला, तुम्हाला सांगतो… फक्त दोनच टक्के महाग पडला.